राहू दे बिचारं

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा! नवं गाव, नवी खोली, नवी नोकरी, आणि अजून एकाशीही भांडण नाही. मामा स्टँडवर घ्यायला येणार होता, तो दिसेना. तरी मी चिडलो नाही. शेवटी तो मागच्या फाटकाशी सापडला, माझी वाट बघून बघून लालबुंद झालेला. म्हणजे हे तापट डोकं मला आजोळचंच, यात शंका नाही.

खोली वरच्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक खिडकी आणि भिंतीतलं एक कपाट. कपाटाचं दार लावायला गुडघ्यानं रेटावं लागतं. घरमालकीणबाई खाली राहतात. त्यांनी दारातच नियम सांगून टाकले : जिन्यात चपला वाजवायच्या नाहीत, नळ सोडून दात घासायचे नाहीत, मित्र आणायचे नाहीत. मी म्हटलं, मित्र नाहीतच. तर म्हणाल्या, मग राहा सुखानं.

ही निळ्या कापडी पुठ्ठ्याची वही तिनं दिलेली, वर्गातल्या मैत्रिणीनं, माझ्या वाढदिवसाला. म्हणाली होती, ओरडावंसं वाटलं की यात ओरडत जा, माणसांवर नको. तेव्हा वही कोरीच राहिली, कारण ओरडायला माणसं होती. आता लिहितो.

कॉलेज सोडल्याचं मला तिळमात्र वाईट वाटत नाही. सरांनी प्रॅक्टिकलला तिचे मार्क कापले. मी माझं जर्नल त्यांच्या टेबलावर टराटरा फाडलं आणि चालू पडलो. ती खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, तुला कुणी सांगितलं होतं हे? डोकं थंड होईपर्यंत मला फोन करू नकोस. घरी बाबा म्हणाले, काहीतरी करून दाखव, मग तोंड दाखव. मी दोघांनाही एकच उत्तर दिलं : बरं. आणि माझा शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून ना तिला फोन, ना घरी. बघू कोण आधी वाकतं.

५ फेब्रुवारी

दुकान झकास आहे. काचेचं दार, जवळ गेलं की आपोआप सरकतं. वर पाटी : जुना फोन नव्यासारखा हलका करून मिळेल. मालक भिंगाचा चष्मा लावून फुटक्या स्क्रीन बदलतात. काउंटरवर ताई बसतात. पावत्या फाडणं आणि माणसं गार करणं ही दोन्ही कामं त्यांच्याकडे. माझं काम साफसफाई. म्हणजे फोनमध्ये साचलेली नको ती ॲप्स, तेच तेच फोटो, कधीकाळचे गेम, सगळा केरकचरा काढायचा.

मला वाटलं, यात काय शिकायचंय? दाबून धरा, काढून टाका, संपलं. मालकांनी हातावर चापट मारली. इथली रीत वेगळी आहे. बरेच दिवस न वापरलेलं ॲप एकदम उपटायचं नाही. आधी त्याच्या सूचना बंद करायच्या, म्हणजे त्याची टिंगटिंग थांबते. मग स्थान काढून घ्यायचं, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही. मग मायक्रोफोन. मग कॅमेरा. एवढं करूनही फोनवाल्याला त्याची आठवण झाली नाही, तरच ते काढून टाकायचं. मधेच कुणी एकदा जरी उघडलं, तरी सगळ्या परवानग्या त्याला परत. मालक म्हणाले, अरे, माणूस नोकरीवरून काढतानासुद्धा आधी खुर्ची सरकवतात, तसं.

हे सगळं आपोआप करणारं एक ॲप दुकानात आहे, त्याला सगळे झाडू म्हणतात. त्यात एक भलंमोठं हिरवं बटण आहे : पुढचं सगळं आपोआप. आणि त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात : एकेक बघून. गिऱ्हाइकाला हिरवं बटण दाखवायचंसुद्धा नाही, ही मालकांची सक्त ताकीद, स्वतःच्या फोनवर ते कधीचंच दाबून बसलेत तरी. एकेक बघून, आणि शेवटचं काढून टाका ज्याचा फोन त्यानंच दाबायचं. आपलं बोट लावायचं नाही.

झाडू बनवला कुणी, म्हणून विचारलं. मालक म्हणाले, होता एक जण आपल्याकडे. मग भिंग काढून पुसत बसले आणि म्हणाले, छे, कुणी नाही रे. आधीपासूनच आहे तो.

चहा आला. आम्ही तीन माणसं, कप चार. चौथा कप पोऱ्या-बिऱ्या कुणासाठी नाही. मालक तो कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलावर ठेवतात आणि तो तिथेच गार होतो. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, सवय. कसली, ते त्यांनाही सांगता येईना.

मला नाव पडलंय : काडेपेटी. एका गिऱ्हाइकानं तुम्ही माझे फोटो बघितले असं म्हटलं, आणि मी काउंटरवरून उडी मारायच्या बेतात होतो, तेवढ्यावरून. असू दे. माझे कान लाल झाले, पण मी गप्प बसलो. हे तिनं बघायला हवं होतं.

९ फेब्रुवारी

आज एक निवृत्त हेडमास्तर आले होते. फोनमध्ये बॅटरीच्या उजेडाची तीन ॲप्स, आणि एक हवामानाचं, जे भलत्याच शहराचं ऊन सांगत होतं. त्यांना कोण कौतुक! म्हणे, तिकडे माझी बहीण राहायची.

यादीच्या तळाशी झाडू माणसंही दाखवतो, हे मला आज कळलं. ज्यांना बरेच दिवस फोन केलेला नाही, ज्यांचा आलेला नाही, अशी नावं. त्यापुढे ॲप्ससारख्याच दोन चौकटी : वर राहू दे, खाली काढून टाका. हेडमास्तर एका नावाशी खूप वेळ थांबले. मग म्हणाले, असू दे हो, अडगळ काय करतेय. माझ्या मागून मालक म्हणाले की माणसांच्या यादीवर कुणालाही घाई करायची नाही. त्यांचा आवाज एकदम असा झाला, की मी उलट बोललो नाही.

मला तिची आठवण आली. तिचा फोन कायम भरलेला. ढगांचे फोटो, मांजरांचे फोटो, आणि एकदाही न उघडलेली ॲप्स. ऐन फोटोच्या वेळी स्टोरेज फुल, की ही फोन तळहातावर आपटणार. मी म्हणायचो, दे इकडे, उडवतो. ती फोन छातीशी धरून म्हणायची, राहू दे बिचारं. न वापरलेल्या ॲपला बिचारं म्हणणारी मुलगी जगात एकच असेल.

१३ फेब्रुवारी

तिला झाडू पाठवायचा, ठरलं! फोन करायचा नाही, हा शब्द आहे. काही पाठवायचं नाही असं कुठे म्हटलं होतं? तिला उपयोग होईल, आणि तिला कळेल की मी शांतपणे, डोकं न फिरवता एक काम करतोय.

पण तिला एकटीलाच पाठवलं, तर लगेच म्हणणार, झालं, पाघळले महाराज. म्हणून डोकं चालवलं. संपर्कातल्या सगळ्यांना पाठवला. आई, बाबा, मामा, घरमालकीणबाई, मालक, ताई, वर्गातली सगळी पोरं. त्या गर्दीत ती. आता म्हण काय म्हणायचं ते!

खाली लिहिलं : फोन हलका करा, खुशाल राहा.

१५ फेब्रुवारी

सगळ्यांचे अंगठे आले. मामा म्हणाला, फोन घोड्यासारखा पळतोय. आईनं हात जोडलेले पाठवले. बाबांनीसुद्धा अंगठा पाठवला! घरमालकीणबाई जिन्यात थांबवून म्हणाल्या, ते मोठं हिरवं बटण दाबलं बाई, झालं एकदाचं.

तेव्हा जरा चुकचुकल्यासारखं झालं. हिरव्याबद्दल कुणाला सांगायचं राहिलंच. पण त्यात काय बिघडणार? कचराच तर जाईल.

तिनं निरोप वाचलाय. उत्तर नाही. ती हिरवं दाबणार नाही, मला पक्कं माहीत आहे. ती मुंगीएवढी अक्षरं वाचणाऱ्यातली आहे.

२१ फेब्रुवारी

आज भडकलो. कारण होतं. पोटात दुखत होतं म्हणून सकाळी मालकांना निरोप टाकला, उशिरा येतो. गेलो तर ते म्हणाले, कसला निरोप? माझ्या फोनवर गेलेला दिसतोय, त्यांच्यावर आलेला नाही. मग तिथेच उभं राहून ताईंना फोन लावला. माझ्या कानात रिंग वाजतेय आणि त्यांचा फोन माझ्यासमोर टेबलावर मख्ख पडलाय. ना आवाज, ना उजेड. मामालाही लावला, आईला निरोप टाकला. कुणाचंच काही नाही.

मी सिमकार्डवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. ताई म्हणाल्या, काडेपेटी, पाणी पी. मालक फोन हातात फिरवून म्हणाले, तुझा फोन ठणठणीत आहे रे. मग ते विचारात पडले. काही म्हणणार होते बहुतेक. तेवढ्यात चहा आला.

२६ फेब्रुवारी

खोलीवर गेलो तर आत घरमालकीणबाई एका नर्सला कपाटाचं दार गुडघ्यानं कसं लावायचं ते दाखवत होत्या. माझा टॉवेल दोरीवर, माझी चादर पलंगावर, आणि ह्या म्हणतायत, खोली बरेच दिवस रिकामीच आहे.

मी आवाज चढवला. त्या घाबरल्या नाहीत, गोंधळल्या. म्हणाल्या, अगंबाई, तू होय, पण तू इथे कसा? तू तिकडे राहतोस ना? तिकडे म्हणजे कुठे, तर त्यांनी हात हवेत फिरवला. मी सांगितलं, मावशी, मी इथेच राहतो, ह्याच खोलीत. त्या हो हो म्हणाल्या. नर्सची माफी मागितली. खाली गेल्या. आणि जिन्यातच मी ऐकलं, तिला सांगत होत्या, कधी येतेस मग राहायला?

फोनवर नकाशा उघडला. आपण कुठे आहोत ते दाखवणारा निळा ठिपका असतो ना, तो नाही. नुसता नकाशा. सगळे रस्ते, आणि मी कुठेच नाही.

२८ फेब्रुवारी

शब्द मोडला. दुकानाच्या फोनवरून घरी लावला. आईनंच उचलला. म्हटलं, आई, मी. ती हसली. म्हणाली, काय रे हा चावटपणा, आतल्या खोलीत बसून फोन करतोस? मी म्हटलं, आई, मी तिकडे नाही, मी मामाच्या गावाला आहे. ती म्हणाली, बरं बरं, ये आता बाहेर, तुझं ताट झाकून ठेवलंय.

मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा हो म्हणाली. मग बाबांना हाक मारून म्हणाली, अहो, उठवा हो त्याला. आणि फोन ठेवला.

ते आतल्या खोलीचं दार उघडतील तेव्हा काय दिसेल? आणि मग मी कुठे आहे असं त्यांना वाटेल?

नर्सचं सामान आलंय. माझं पोत्यात घालून जिन्याखाली. पोत्यावर खडूनं लिहिलंय : कोणाचे? मी दुकानात काउंटरमागे झोपतो आता. मालकांना सांगितलं. ते बरं म्हणाले. रोज सकाळी मला बघून दचकतात, आणि विचारतात, आज लवकर आलास?

२ मार्च

कळलं.

ताई फोन टेबलावर ठेवून उठल्या होत्या. झाडू उघडा होता. हिरव्या बटणानं काय काय झाडलं, त्याची नोंद. एक कोडी सोडवायचं ॲप. एक फोटो गोरा करायचं. आणि त्याच रांगेत काडेपेटी. माझा नंबर. खाली लिहिलेलं :

बरेच दिवस वापर नाही.
सूचना — काढल्या.
स्थान — काढले.
मायक्रोफोन — पुढे.
कॅमेरा — पुढे.

मी रोज त्यांच्यासमोर बसतो. म्हणून त्यांनी मला कधी फोनच केला नाही. मालकांनी नाही. घरमालकीणबाईंनी नाही. मामा कामात. घरी मी भांडलेलो. वर्गातल्यांशी तर —

सगळ्यांना मीच पाठवला. माझ्या हातानं.

मालकांचे पाय धरले. सांगितलं, एकदा, फक्त एकदा मला फोन करा, एकदा उघडलं की सगळं परत मिळतं, तुम्हीच शिकवलंत. ते हसले नाहीत. कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघितलं त्यांनी, गार चहाकडे. चेहरा पांढरा पडला. फोन घेतला, नंबर दाबायला लागले. पाच-सहा आकडे दाबले असतील. मग बोट थांबलं. वर बघून विचारलं, हां, काय म्हणत होतास? कुणाला लावायचाय?

पुन्हा सांगितलं. पुन्हा तेवढ्यावरच थांबले.

पुन्हा.

चौथ्यांदा ते रडकुंडीला आले होते आणि का ते त्यांना कळत नव्हतं. मी सोडून दिलं.

३ मार्च

ताईंच्या फोनवरून मीच मला लावून बघितला. माझं बोट काचेवर चालत नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर चालतं, दुसऱ्या कुणाच्याच नाही. ज्याचा फोन, त्याचं बोट.

५ मार्च

आवाज गेला.

म्हणजे मला ऐकू येतोय. मी ओरडतोय ते मला ऐकू येतंय. सकाळपासून ओरडतोय. आयुष्यभर ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या तो माझा आवाज — भिंतीला आपटून परत येतो, माणसांच्या आरपार जातो. ताई गुणगुणत पावत्या लावत होत्या.

रागानं कप फेकला. फुटला. दोघंही दचकली. ताई म्हणाल्या, टेबल कललंय वाटतं. मालकांनी पायाखाली पुठ्ठा घातला.

चिठ्ठी लिहून समोर ठेवली. मी इथे आहे, मला फोन करा. ताईंनी वाचली. मागे-पुढे बघितलं. कुण्या गिऱ्हाइकाची राहिली म्हणून काउंटरखालच्या डब्यात टाकली. डब्यात आणखी चिठ्ठ्या आहेत. माझ्या नाहीत. वेगळं अक्षर. जुनी शाई. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा : मी इथे आहे.

६ मार्च

काचेचं दार माझ्यासाठी सरकत नाही. कुणीतरी येईपर्यंत थांबावं लागतं. पलीकडच्या खाणावळीत हात धुवायला गेलो, त्या आपोआप सुरू होणाऱ्या नळाखाली हात धरला. धरूनच राहिलो. शेजारी एक माणूस आला, त्याच्या हातावर धो धो पाणी. मी त्याच्या पाण्यात हात धुतले.

माझा फोटो काढून बघितला. मागची भिंत छान आलीय.

७ मार्च

नवा माणूस ठेवलाय. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, हसतमुख. मालकांनी त्याला माझ्या स्टुलावर बसवलं. आधी सूचना, मग स्थान, मग — त्याच शब्दांत. माणूस नोकरीवरून काढताना आधी खुर्ची सरकवतात, तसं. तो हसला. मीही हसलो होतो.

चहा आला. माणसं तीन. कप पाच.

मालकांनी दोन कप कोपऱ्यात नेऊन ठेवले. बघून एकदम थबकले. मग डोकं हलवून गेले.

मी कोपऱ्यात गेलो, बसायला जागा तेवढीच. त्या रिकाम्या स्टुलावर एक जण बसलेला होता.

माझ्याच वयाचा असेल. चेहऱ्यावरचं सगळं पुसट, पाटीवरची अक्षरं ओल्या बोळ्यानं पुसल्यावर राहतात तसं. त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि थोडा सरकून मला जागा दिली.

८ मार्च

तो बोलत नाही. आवाज आहे की नाही, माहीत नाही. हातानं सांगतो. झाडू त्यानंच बनवला. हे त्यानं बोट स्वतःच्या छातीवर ठेवून सांगितलं आणि मान खाली घातली. मी विचारलं, मग अजून इथे कसा? त्यानं एक बोट दाखवलं. एकच. मग कंबरेत वाकून, हातात काठी धरल्यासारखं करून दाखवलं. म्हातारी. त्याची कुणीतरी म्हातारी. तिच्या फोनवर त्याचं नाव अजून आहे, चौकट दाबायची कशी ते तिला येत नाही. म्हणून हा आहे; दिसत मात्र तिलाही नाही, हे डोळ्यांवर हात ठेवून सांगितलं.

माझं एक बोट कोण?

सगळ्यांनी हिरवं दाबलं. आईनंसुद्धा.

एकेक बघून करणारी एकच आहे.

९ मार्च

सकाळी स्टूल रिकामं.

दुकानभर शोधला. चहा आला — कप चार. मालकांनी मोजलेसुद्धा नाहीत. हात आपोआप चारावर थांबला. कोपऱ्यात एकच कप.

माझा.

कुणीतरी म्हातारीला मदत केली असेल. नातू, शेजारीण, कुणीतरी चांगला माणूस. दे आजी, मी दाखवतो —

डब्यातल्या त्याच्या चिठ्ठ्या बघितल्या. कोरे कागद. सगळे कोरे.

निघतो.

१० मार्च

बस. तिकीट कुणी विचारलं नाही. माझ्या मांडीवर एक बाई बसली, मी उठलो. उभा राहून लिहितोय.

घरावरून गेलो. आई ओट्यावर काहीतरी निवडत होती. समोर बसलो. ताट झाकलेलं नव्हतं. आतल्या खोलीत शिलाई मशीन आणलंय.

बसलो होतो बराच वेळ. ती मधेच हात थांबवून दाराकडे बघायची. मग पुन्हा निवडायची.

११ मार्च

कॉलेज. भर दुपार. ती लायब्ररीच्या पायऱ्यांवर.

तीच. केस कापलेत. शेजारी मैत्रीण. मी खालच्या पायरीवर बसलोय, तिच्या पायांपाशी. लिहितोय.

खांद्यावर हात ठेवला. तिनं वाऱ्यानं केस आले असावेत तसा झटकला.

ढगाचा फोटो काढत होती. स्टोरेज फुल. फोन तळहातावर आपटला. मैत्रीण म्हणाली, अगं बाई, तुझ्याकडे तो झाडू आहे ना, कुणी पाठवलेला, तो चालव की. माझा बघ, कसा सुटसुटीत! ती म्हणाली, कुणी पाठवला होता गं तो? मैत्रीण म्हणाली, काय माहीत, सगळ्यांना आला होता.

सगळ्यांना.

नको. नको उघडू.

उघडला. हिरव्यावर बोट गेलं — नाही गेलं. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. एकेक बघून. मला माहीत होतं. मला माहीत —

गेम. हे काय आहे गं? राहू दे बिचारं. फोटो जोडायचं. राहू दे बिचारं. मैत्रीण कपाळाला हात लावतेय. अशानं जन्मात साफ व्हायचा नाही तुझा फोन. ती हसतेय. दोन-तीन काढली. फक्त दोन-तीन. बाकी सगळी बिचारी —

खाली सरकतेय. माणसं.

माझं नाव.

थांबली. हा कोण गं? मैत्रीण वाकली. तिलाही आठवेना. वर्गात होता का कुणी? कुणी जर्नल-बिर्नल फाडलेलं — नाही, ते कुणाचं तरी दुसऱ्याचं.

दुसऱ्याचं नाही. माझं.

वही तिच्या मांडीवर ठेवली. ठेवली आणि बघत राहिलो. दिसली तिला! उचलली. निळ्या कापडावर हात फिरवला. म्हणाली, अशीच वही मी दिली होती गं. कुणाला तरी. कुणाला दिली होती मी —

बाजूला ठेवली. परत घेतली मी. लिहितोय.

कपाळावर आठी पडलीय. तीच. माझ्यावर चिडली की पडायची ती. आठवतेय ती. अंगठा वर थांबलाय, दोन्ही चौकटींच्या मधे. चीड. चीड ना माझ्यावर. मी डोकं थंड ठेवीन, ओरडणार नाही, कुणाचं काही फाडणार नाही, फक्त ते म्हण, सगळ्यांना म्हणतेस ते, एकदा —

घंटा झाली. मैत्रीण उठली. चल गं, सर दार लावून घेतील. ती म्हणाली, हो हो, आले, हे एवढं एकच —

माझं बोट काचेवर आहे. वरच्या चौकटीवर, राहू दे. दाबतोय. दाबतोय. चालत नाही. तिचा अंगठा माझ्या बोटातून खाली